पाया न पडणारा नातू

माझी नणंद सुप्रभा तुरुंगात नोकरीला आहे, अशी तंजावूरच्या आमच्या मराठी मंडळींची ठाम समजूत आहे. ती मोडण्यात माझी बरीच शक्ती गेली. लग्नकार्यात भेटलेल्या बायका तिला विचारतात, "चोर पोरांचें भय वाटत नाही तुज?" त्यावर ती शांतपणे म्हणते, "चोर पोरें बरीं. लग्नांतल्या बायकांचें भय वाटतें मज." पुढचं लग्न येईपर्यंत मग तिला कुणी काही विचारत नाही.

मी मूळची मिरजेची. अनिरुद्धरावांशी लग्न करून राजवाड्यामागच्या या गल्लीत आले तेव्हा वाटलं होतं, घरात मराठीच बोलतात, मग काळजी कसली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तुज कॉफी होणा?" कॉफीला काय होणार, ते मला कळेना. होणा म्हणजे 'हवी का', हे कळेपर्यंत ती निवून गेली. इथली भाषा माझीच आहे, पण तीनशे वर्षं परक्या गावी राहून आलेल्या आत्यासारखी. ओळख पटते, बोलणं मात्र जपून ऐकावं लागतं.

आणि इथे नमस्कार फार. निकाल लागला, नमस्कार. नवी गाडी घेतली, नमस्कार. बंगळूरला चार दिवस जायचं असेल तरी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसापुढे वाकून आशीर्वाद घ्यायचा. पहिल्या महिन्यात माझी कंबर धरली होती. सुप्रभा माझ्याहून वयाने मोठी आणि नात्याने धाकटी. त्यामुळे सणाच्या दिवशी कुणी कुणाला वाकायचं हे आमचं अजून ठरलेलं नाही. दोघी एकदम वाकतो आणि हसत उठतो. या घरात नमस्कार म्हणजे लाडच असतात.

तिचं काम असं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने काही लहानसहान गुन्हा केला की त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करतात. इथे सगळे त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणतात. बोर्डाला वाटलं की हे पोर चौकशीच्या चरकात घालण्यापेक्षा हाताशी धरून सुधारेल, तर ते सुप्रभाच्या संस्थेकडे येतं. याला डायव्हर्जन म्हणतात, आणि सुप्रभा त्या मुलाची केस मॅनेजर होते. त्याची शाळा किंवा काम बघणं, घरी जाणं, त्याच्याशी बोलणं, त्याने केलेलं नुकसान त्याच्याच हातून भरून काढणं आणि शेवटी ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर त्याला उभं करणं, हे सगळं तिचं. सगळं नीट झालं तर बोर्ड प्रकरण बंद करतं. रस्ता खणलेला असला आणि 'डायव्हर्जन'ची पाटी दिसली की अनिरुद्धराव गाडीतून म्हणतात, "आली सुप्रभाची शाखा."

तिची एक रीत आहे. ती मुलाला 'का केलंस' असं कधी विचारत नाही. मी एकदा म्हणाले, अगं, तेच तर विचारायला हवं. तर म्हणाली, "वैनी, का म्हणून विचारलें की पोर वकील होतें. मग काय झालें म्हणून विचारलें की पोर पोरच राहतें." वीस वर्षं ती अशी 'मग काय झालं' विचारत हिंडते आहे, आणि पोरं तिला बसस्टँडवर दिसली की 'अक्का, अक्का' करत पिशव्या हिसकावून घेतात. लोकांना वाटतं पिशव्या चोरीला चालल्या.

मी सांगते ती गोष्ट पापनाशमजवळच्या एका खेड्यातल्या मुलाची. त्याला अन्बरसन म्हणू या. खरं नाव लिहिलं तर सुप्रभा मला घरात घेणार नाही. वय सतरा, आईवडील नाहीत, गावकुसाबाहेरच्या वस्तीत आजीजवळ राहणारा. आजीला तो 'अप्पायी' म्हणायचा, त्या बाजूला बापाच्या आईला तसंच म्हणतात. पापनाशमच्या एका मंगल कार्यालयात तो वाढप्यांबरोबर पानं उचलायला गेला होता. बाहेर अनिरुद्धरावांच्या मामांची, आमच्या सेतुमाधवमामांची, स्कूटर उभी होती. किल्ली गाडीलाच ठेवायची मामांची जुनी खोड. पोराने एक चक्कर मारायची म्हणून गाडी काढली आणि कालव्याच्या वळणावर गाडीसकट पाण्यात गेला. पळाला मात्र नाही. पोलीस आले तेव्हा ओल्या अंगाने काठावर बसून स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होता.

बोर्डाने त्याला सुप्रभाकडे दिलं. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिककडे बसून तीच स्कूटर दुरुस्त करायची, दर आठवड्याला सुप्रभाकडे यायचं, आणि शेवटी मामांना भेटून चूक कबूल करायची, असं ठरलं. पहिल्या दोन गोष्टी त्याने चोख केल्या. तिरुच्चीच्या एका कारखान्यात त्याला शिकाऊ म्हणून जागाही मिळाली होती, महिनाअखेरीला रुजू व्हायचं होतं. आता मामांनी 'माझं समाधान झालं' एवढं बोर्डाला सांगितलं की मोकळा. नाहीतर चौकशी सुरू झाली असती, तारखांमागून तारखा पडल्या असत्या, आणि दर तारखेला दांडी मारणाऱ्या शिकाऊ पोराला कारखाना कशाला ठेवील?

सेतुमाधवमामा बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अत्यंत भला माणूस. मुलाला क्षमा करायची ठरल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो समारंभच करून टाकला. सुप्रभा म्हणत होती की या भेटीला बाहेरचं कुणी नको. मामा म्हणाले, "बाहेरचें कोण? घरचींच आपण." म्हणून मीही हजर. मामांनी धोतरासारखी जरीकाठी वेष्टी नेसली होती. तबकात कुंकू, अक्षता आणि मुलासाठी नवा शर्ट. जयलक्ष्मीमामींनी केसरी केली होती, म्हणजे आपला तूप गळणारा शिरा. मामा पूर्वेकडे तोंड करून खुर्चीत बसले आणि आम्ही सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, मुंज बघायला आल्यासारखे.

अन्बरसन आला तो सडसडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने चपला दारात नाही, खाली रस्त्यावर काढल्या. मामांच्या समोर उभा राहून त्याने तमिळमध्ये, त्यांच्या डोळ्यांत बघत सांगितलं, "तुमची गाडी मी न विचारता नेली. चूक केली. मला माफ करा." शब्द पढवलेले नव्हते, स्वतःचे होते. सुप्रभाचा चेहरा खुलला. मामांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. ते म्हणाले, "शाबास. ये, नमस्कार कर."

मुलगा हलला नाही.

मामांना वाटलं, लाजतो आहे. त्यांनी पाय थोडे पुढे घेतले आणि अक्षता हातात घेतल्या. सुप्रभा हळूच म्हणाली, "पाया पड रे, आजोबांसारखे आहेत." तिने हे म्हटल्याबरोबर त्या मुलाचा चेहरा मिटला. मघाशी बोलणारा मुलगा तो नव्हेच. "माफ करा," तो पुन्हा म्हणाला. "पण पाया पडणार नाही." आणि वळून जिना उतरून गेला.

मामा कितीतरी वेळ अक्षता तशाच मुठीत धरून बसले होते. मग म्हणाले, "मी त्यास नातू म्हणून बोलावलों. नवा शर्ट आणलों. आणि त्यास माझे पाय नकोत?" फार दुखावले होते. बोर्डाला आपण काय सांगायचं ते सांगू, या मुलाला पश्चात्ताप नाही, असं बोलून ते आत निघून गेले. मलाही संताप आला होता. माझा राग तसा नाकावरच असतो. घरी येताना मी म्हणाले, कसलं माजोरडं कार्टं आहे, दोन सेकंद वाकला असता तर काय झिजला असता? सुप्रभा म्हणाली, "हट्टी आहे, वैनी. चांगलें आहे, पण हट्टी आहे."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ती ऑफिसातून आली आणि माझ्याजवळ बसून घेवड्याच्या शेंगा निवडू लागली. शेंगा एकीकडे टाकत होती आणि दोरेही त्यातच. मी म्हणाले, काय झालं गं?

"त्याची अप्पायी आली होती," ती म्हणाली. "आली, पिशवी खाली ठेवली, आणि बोलण्याच्या आधींच माझ्या पायांत पडली. झेरॉक्सच्या मशिनीजवळ, फरशीवर, सबंध आडवी. मी धरून उठवलों. वैनी, आपल्या घरीं नमस्कार केलेला माणूस उठतो तेव्हां हसतो की नाही? ही बाई उठली आणि भिंतीस लागून उभी राहिली. खुर्ची दिलों, बसेना. नातवाचें चुकलें, त्याच्या वाटचें मी पडतें म्हणून सांगत होती."

मग सुप्रभाने तिला विचारलं होतं, तिच्या रीतीप्रमाणेच. मग काय झालं? म्हातारीने सांगितलं. अन्बरसन सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या आजोबाची गाय कुणाच्या तरी उभ्या भातात शिरली. गावातल्या बड्या लोकांनी बैठक बसवली आणि म्हाताऱ्याला तिथे बसलेल्या एकेकाच्या पाया पडायला लावलं. थोरांच्या पडून झालं तर त्यांच्या पोरांच्याही. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या. लोक हसत होते. अन्बरसन आजोबाचा पंचा हातात धरून बाजूला उभा होता. आजोबा त्यानंतर त्या रस्त्याने कधी गेला नाही, शेवटपर्यंत नाही.

आमच्याकडे असलं होत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मिरज काही स्वर्गात नाही.

"मीच सांगितलों त्यास," सुप्रभा म्हणाली. "मामा म्हणाले तें सोडा, ते म्हातारे. मी सांगितलों. पाया पड म्हणून." आणि ती रडायला लागली. मुलांच्या कहाण्या ऐकून ती घरी येऊन कधी रडत नाही. त्या दिवशी शेंगांच्या ताटावर डोकं टेकून रडली. मला तिची फार दया आली. ताट बाजूला घेतलं आणि तिने टाकलेल्या शेंगांतले दोरे वेचत बसले.

स्कूटर झाली तरी अन्बरसन मेकॅनिककडे जातच होता; दुसऱ्या दिवशी ती तिथे जाऊन त्याला भेटली आणि त्याची माफी मागितली. चुकले, मला कळायला हवं होतं, असं सरळ सांगितलं. तो स्पॅनर पुसत राहिला. म्हणाला, "अक्का, तुम्ही बोर्डाला काय ते खरं सांगा. तिरुच्ची गेली तर जाऊ दे. मी पडलो तर आजोबा पुन्हा पडतील." तिने विचारलं, हे मामांना सांगू का? त्याने स्पॅनर जागेवर ठेवला. मग म्हणाला, सांगा, पण दया म्हणून सांगू नका.

आम्ही दोघी मामांकडे गेलो. बोर्डाची तारीख जवळ आली होती. सुप्रभाने सगळं सांगितलं. मामा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. "मी त्या लोकांतला नव्हें," ते म्हणाले. "जन्मांत कुणास माझ्या पायांवर पाडलों नाही. आशीर्वाद देण्यास बोलावलों."

"खरें, मामा," सुप्रभा म्हणाली. "मज ठाऊक आहे. त्यास कसें ठाऊक असेल?"

"मग मी देऊं कसा?" मामांनी विचारलं. त्यात आता राग नव्हता, खरीच अडचण होती. "उभ्या माणसास आशीर्वाद कसा देतात, तें तरी सांग."

तेवढ्यात जयलक्ष्मीमामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. या बाई दिवसाला दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली आठ स्वयंपाकाबद्दल असतात.

"प्रणवेशास फोनांत देतां की," त्या म्हणाल्या.

प्रणवेश म्हणजे त्यांचा अमेरिकेतला नातू. दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो, आजोबांना 'हाय ताता' म्हणतो आणि मामा त्याला आयुष्मान भव म्हणतात.

"तो काय फोनांतून पाया पडतो?" मामी म्हणाल्या. "मागल्या वर्षी आला तेव्हां तरी कुठें पडला? चारदां सांगितलें, तर ताता, पाठ दुखते म्हणाला. तरी दिलांत. त्याच्या पाठीवर तेल चोळून दिलांत."

मला हसू फुटलं. मामा हसले नाहीत. पण मामींचं संपलं नव्हतं.

"आणि नातू म्हणून बोलावलों म्हणतां. आपला नातू आला की काय करतो? फ्रिज उघडतो. बसतो. खातो. त्या पोरास बस म्हणून कोण म्हणालें? केसरी मी करून ठेवलें, तें ताटांतच राहिलें."

कुणीच म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे खुर्च्यांवर होतो आणि तो उभा होता. सुप्रभाने डोळे मिटून घेतले. मामा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि आम्ही निघेपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही. मला वाटलं, बिघडलं. मामी जरा जास्तच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा निरोप आला. मुलाला पाठव. आजीलाही आणायला सांग.

या खेपेला जरीची वेष्टी नव्हती, तबक नव्हतं. मी होते, पण आत, मामींच्या हाताखाली. मामांनी घरातला शर्ट घातला होता आणि खुर्च्या गोल मांडल्या होत्या. अन्बरसन आला तेव्हा मामा स्वतः दाराशी गेले आणि म्हणाले, "बस." तो खुर्चीच्या कडेवर बसला. अप्पायी भिंतीशी उभी राहिली. मामींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ मांडी घातली. आधी खाणं झालं. पोराने केसरी दोनदा घेतली, हे मी वाढलं म्हणून मला माहीत.

मग त्याने बसल्याबसल्या पुन्हा सांगितलं. गाडी न विचारता नेली, माझं चुकलं. मामा म्हणाले, "माझेंही," आणि मराठीत म्हटलं हे लक्षात आल्यावर तमिळमध्ये म्हटलं. गाडी आता पहिल्यापेक्षा बरी चालते, असं म्हणाले. किल्ली काढून खिशात ठेवायला शिकलो, असंही म्हणाले. मुलगा पहिल्यांदा हसला. मामांनी बसल्या जागेवरूनच हात वर केला, थोडा घुटमळला तो हात, आणि म्हणाले, नीट राहा, तिरुच्चीला नाव काढ. बोर्डाला मी आज फोन करतो. सुप्रभाने एक मोठा श्वास सोडला, तो मला आतपर्यंत ऐकू आला.

नंतर इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामांनी म्हातारीला विचारलं, "तुझं वय काय गं?" शेतावरच्या बाईशी बोलतात तसंच, एकेरी. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. ती म्हणाली, वय कोण मोजतं, पण मोठं वादळ आलं त्या साली मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन देवळात पळाले होते. मामा म्हणाले, त्या साली मी पाळण्यात होतो. आणि जरा विचारात पडल्यासारखे झाले.

निघायची वेळ झाली. सगळे उठले. मी रिकामं ताट घेऊन दारात उभी होते म्हणून मला दिसलं. अप्पायीने पिशवी खाली ठेवली आणि जन्मभराच्या सवयीने मामांच्या पायांकडे वाकायला लागली. अन्बरसनने एकदम पुढे होऊन तिचा एक दंड धरला. त्याच क्षणी दुसरा दंड मामांनी धरला होता. दोघांनी मिळून तिला सरळ उभी केली.

"नको," मामा म्हणाले. "तुम्ही मोठ्या आहात."

म्हातारीने मागे वळून पाहिलं. तुम्ही कुणाला म्हणाले, ते तिला कळेना. मागे फक्त भिंत होती.

"अप्पायी," अन्बरसन म्हणाला, "तुलाच म्हणाले ते."